एका एकराचा पाऊस

लग्नाच्या मांडवात असो की आठवडी बाजारात, धाराशिव जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "आपल्याकडं काय वाळवंट हाय का? पाऊस तर पडतोच की! मग दर दोन-चार वर्षांनी टँकर का लागतो?"

प्रश्न रास्त आहे. जिल्ह्याचं सरासरी पाऊसमान ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे वाळवंट नक्कीच नाही. जमीनही भरपूर. तेरणा, मांजरा आणि सीनेच्या खोऱ्यात तर ती काळीभोर आणि खोल. मग अडतं कुठं? उत्तर शोधायचं तर आधी पाऊस मोजायला शिकावं लागेल. मिलिमीटरात तो रोज वर्तमानपत्रात छापून येतोच. आपल्याला तो टँकरच्या भाषेत मोजायचा आहे.

१. मिलिमीटर म्हणजे किती टँकर?

सरळ उभ्या काठाचा पत्र्याचा डबा अंगणात ठेवा. पावसानंतर त्यात बोटभर पाणी साचलं, तर ते साधारण १५ मिलिमीटर. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर १ मिलिमीटर पाणी पसरलं की ते भरतं बरोबर १ लिटर. एकरात असे ४,०४७ चौरस मीटर असतात. म्हणजे एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की ४,०४७ लिटर पाणी पडलं.

आता ७०० नं गुणा. एका एकरावर वर्षाला २८ लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. १० हजार लिटरचे २८३ टँकर!

हा आकडा मनात ठसायला २०१६ चा उन्हाळा आठवावा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी एप्रिलमध्ये आली तेव्हा तिला १० वाघिणी होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी होतं. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, एका खेपेला साधारण २५ लाख लिटर. त्या गाडीची देशभर चर्चा झाली. त्या अख्ख्या गाडीत होतं त्याहून जास्त पाणी सरासरी पावसाच्या वर्षी आपल्या एका एकरावर आभाळातून फुकट पडतं.

२. मजुरीचे शंभर रुपये

मग हे पाणी जातं कुठं? दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या हातातल्या शंभर रुपयांसारखं ते वाटेतच वाटलं जातं. सगळ्यात मोठा वाटा ऊन आणि वारा नेतात. काही पाणी उघड्या जमिनीवरून वाफ होऊन उडतं, काही पिकाच्या आणि गवताच्या पानांतून. पिकातून गेलेलं पाणी वाया गेलं असं म्हणू नये, कारण तेच दाणा भरतं. उघड्या मातीवरून उडालेलं मात्र कुणाच्याच कामाचं नाही. दुसरा वाटा ओढ्या-नाल्यांनी वाहून जातो. आणि विहिरी-बोअरला पाणी पुरवणारा, खाली खडकात मुरणारा वाटा सगळ्यात लहान.

तो इतका लहान का? आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, लाव्हा थंड होऊन झालेला काळा पाषाण. वाळूसारखा तो पाणी पीत नाही. पाणी धरतो तो वरचा झिजलेला मुरूम आणि त्याखालच्या खडकातल्या भेगा. अशा भेगाळ, झिजलेल्या बेसाल्टसाठी भूजलाचा अंदाज करताना पावसाचे शेकडा ७ हे प्रमाण धरतात. अखंड पाषाण असेल तर शेकडा २.

शंभरातले ७ रुपये. ७०० मिलिमीटरांपैकी ४९. एका एकरामागे जेमतेम २ लाख लिटर. हा २ लाखांचा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. बोअर सातशे-आठशे फूट खाली नेली म्हणजे पाणी वाढत नाही. वरून मुरणारं पाणी तेवढंच राहतं. खोल बोअर एक तर वरच्या थरातलं पाणी स्वतःकडे ओढते, नाहीतर कित्येक वर्षं साचून राहिलेली ठेव मोडते. शेजारच्या जुन्या विहिरीचा पाझर आटला, तर पुष्कळदा त्याचं कारण तिच्या आसपासच्या नव्या बोअरमध्ये सापडतं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना बंधन घातलं ते याचसाठी. दोनशे फुटांच्या आतलं ते बंधन आणि गावोगाव फिरणाऱ्या बोअरच्या गाड्या यांचा मेळ कुठंच बसत नाही, हे आपण सगळे जाणतो.

३. पहिली टाकी पायाखालीच

खडकात मुरण्याआधी पाणी मातीत थांबतं. ही टाकी बांधायला खर्च नाही, म्हणून आपण तिला धरणात धरतच नाही. एक मीटर खोल काळी जमीन पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी पोटात धरते. २०० धरले तर एकरी ८ लाख लिटर. बालाघाटाच्या माथ्यावरची फूटभर मुरमाड जमीन त्याचा पाचवा हिस्साही धरत नाही. म्हणून एकाच पावसात सीनेकाठची ज्वारी तरते आणि माळावरचं सोयाबीन आठ दिवसांच्या उघडिपीत माना टाकतं.

जुनी माणसं ही टाकी हातानं मोजत. परतीच्या पावसानंतर कुठलेही आबा रानात जाऊन काय करतात ते पाहा. टाचेनं ढेकूळ फोडतात, खुरप्यानं वीतभर उकरतात, खालची माती मुठीत दाबतात. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, तर वाफसा आला. गोळा चिकटून राहिला, तर अजून दोन दिवस थांबायचं. आणखी खाली उकरून ते बघतात की वरून आलेली ओल खालच्या ओलीला भेटली आहे का. मधे कोरडा पट्टा असेल, तर मूळ तिथंच थबकतं. ओलीला ओल लागली असेल, तर रब्बी ज्वारी एकाही पाण्याशिवाय कणसावर येते. मोहोळच्या संशोधनातून निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी नव्वद वर्षांच्या आसपास या भागात टिकून आहे, ती याच ओलीवर.

या टाकीचा आणखी एक मोठा गुण आहे. तिच्यावर ऊन पडत नाही. ऊन पाण्याचं काय करतं ते नळदुर्गला दिसतं. तिथल्या किल्ल्यात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात १६१३ साली बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्याच पोटात हा महाल बांधला. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडत असताना माणूस आत कोरडा उभा राहतो, समोर पाण्याचा पडदा. चारशे वर्षांपूर्वीची ती करामत पाहून छाती भरून येते. पण त्याच जागी मे महिन्यात उभं राहिलं की साठलेल्या पाण्याची कड रोज खाली सरकलेली दिसते. या उन्हात उघडं पाणी दिवसाला जवळपास एक सेंटिमीटर उडतं. वर्षभरात ते दीड मीटरच्या वर जातं. म्हणून तीन मीटर खोल शेततळं बोअर लावून भरणं मला हिताचं वाटत नाही. सावलीत सुरक्षित असलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि त्यातलं अर्धं उन्हाला द्यायचं! शेततळ्यात ओढ्याकडे निघालेलं पावसाचं पाणीच अडवावं. त्याचं खरं काम तेवढंच.

मातीची टाकी फुटतेही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि तिच्या उपनद्यांना पूर आला तेव्हा परंडा-भूम भागात पिकांबरोबर जमीनही खरडून गेली. एका एकरावरून फक्त १ मिलिमीटर माती गेली, तरी ती पाच टन भरते. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येतं. वीतभर काळी माती तयार व्हायला मात्र हजारो वर्षं लागतात. उताराला आडवी पेरणी, बांध, रुंद वरंब्यावर सोयाबीन लावणारं बीबीएफ यंत्र हे सारं दिसायला साधं आहे. पण पाण्याला पळू न देता चालायला लावलं, की ते मुरतं आणि माती जागेवर राहते.

४. तीस एकरांचा पाझर, एका एकराचा ऊस

आता नाजूक विषय. ऊस बारा-चौदा महिने रानात उभा असतो. पाटानं पाणी दिलं तर त्याला सगळं मिळून २,००० मिलिमीटरच्या वर पाणी लागतं. पावसातून कामी येणारे ५०० वजा करू. राहिले १,५००. ते विहिरीतून किंवा बोअरमधून यायचे. एका एकराला ६० लाख लिटर. लातूरच्या त्या पाणीगाडीच्या जवळपास अडीच खेपा.

आपल्या एका एकरातून खाली मुरतात २ लाख लिटर. ६० ला २ नं भागा. एका एकर उसाला तीस एकरांचा पाझर लागतो. उरलेले एकोणतीस एकर कुणाचे? शेजाऱ्यांचे, भावकीचे, गायरानाचे, ज्यांच्या रानात विहीरच नाही त्यांचे. सातबारा एक एकराचा आणि पाणी तीस एकरांचं, हा व्यवहार जमिनीखाली चालतो, म्हणून त्यावर कुणी बोट ठेवत नाही.

तेच ६० लाख लिटर हरभऱ्याला दिले तर? हरभऱ्याला ओल असतेच. वर दोन पाणी, प्रत्येकी ६० मिलिमीटर, म्हणजे एकरी ४ लाख ८५ हजार लिटर. ६० लाखांत बारा एकर हरभरा भिजतो. एकरी पाच क्विंटल धरला तरी ६० क्विंटल डाळीचं धान्य. पलीकडे एका एकरात ४० टन ऊस, त्यातून साधारण चार टन साखर. एकराच्या हिशेबात ऊस जिंकतो, लिटरच्या हिशेबात हरभरा. ज्या जिल्ह्यात एकर मुबलक आणि लिटर मोजके, तिथं कोणतं माप हाती धरायचं हे मला स्पष्ट दिसतं.

पण ऊस लावणारा शेतकरी अडाणी नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. उसाला कायद्यानं ठरलेला दर आहे, ठरलेलं गिऱ्हाईक आहे. एका गारपिटीत तो सगळा जात नाही. काढणीला टोळी येते. हरभरा बाजारात आला की भाव पडतो, सोयाबीनचं तर विचारूच नका. ज्या पिकाचा दाम पक्का, तेच माणूस धरणार. पाण्याचा तोल सांभाळायचा तर डाळी आणि ज्वारीला उसाइतकी भरवशाची खरेदी हवी. नुसता "ऊस लावू नका" हा उपदेश शेतकऱ्यानं का ऐकावा?

ठिबकचं काय? ठिबकनं उसाचं पाणी तिसऱ्या हिश्श्यानं किंवा त्याहून जास्त वाचतं आणि ते जरूर करावं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर-दीड एकर ऊस वाढला, तर विहिरीला काहीच फरक पडत नाही. कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाच्या पाण्याकडे जिल्ह्याचे डोळे लागले आहेत, तिथंही प्रश्न तोच. डोंगर पोखरून, पंप लावून आलेलं पाणी किती एकरांना द्यायचं हे ते येण्याआधीच ठरवलं पाहिजे.

५. ज्वारी गेली, तिच्यामागून काय गेलं?

गेल्या तीस-चाळीस वर्षांत खरिपाचं रान सोयाबीननं व्यापलं. शंभर दिवसांत हाती पैसा देणारं पीक, शेतकऱ्याला ते आवडलं यात नवल नाही. पण ज्वारीचं पीक दोन तोंडांसाठी असे. कणीस माणसाला, कडबा जनावराला. सोयाबीनचं भुसकट कडब्याची जागा घेत नाही. कडबा कमी झाला तशी दावणीची जनावरं कमी झाली. जनावरं गेली तसं शेणखत गेलं. शेणखत गेलं की माती घट्ट होते, तिचा भुसभुशीतपणा जातो आणि तीच जमीन पूर्वीपेक्षा कमी ओल धरते. म्हणजे पीक बदललं बाजारामुळे, आणि लहान झाली ती पायाखालची टाकी.

याचा उलटा पुरावाही जिल्ह्यातच आहे. भूम भागात दुधावर, खव्यावर घरं चालतात. तिथं वैरणीचं पीक आजही प्रतिष्ठेचं आहे. आणि उस्मानाबादी शेळी, जिल्ह्याचं जुनं नाव देशभर नेणारी ही काळी जात, बांधावरच्या बाभळी-बोरीच्या पाल्यावर जगते आणि बऱ्याचदा एका वेताला दोन करडं देते. तिला पाट लागत नाही, मोटार लागत नाही. ज्या माळावर हरभराही येत नाही, त्या माळावरच्या पावसाचं ती दूध-मटण करते. अन्न पिकवण्याच्या आपल्या हिशेबात तिला पिकांच्या बरोबरीनं जागा द्यायला हवी.

६. चुलीजवळून सुरू झालेली शेती

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानं किल्लारी-सास्तूरचा सगळा पट्टा उद्ध्वस्त केला. घरं उभारण्याच्या कामात गावोगावच्या बायका पुढे आल्या आणि त्या कामातून 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था वाढली. नंतरच्या दुष्काळांत याच बायकांनी एक वेगळी वाट धरली. घरच्या शेतातला एक एकर, नाहीतर अर्धा, त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मागून घेतला. त्यात काय पेरायचं ते त्या ठरवणार. त्यांनी ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, तीळ, भाज्या अशी मिसळ केली. खत घरचं, बियाणं शक्य तेवढं घरचं. या 'एक एकर' पद्धतीच्या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

पुरस्कार बाजूला ठेवा, त्यातलं शहाणपण बघा. एकाच पिकाला पावसानं नेमक्या वेळी दगा दिला तर सगळं जातं. मूग सुरुवातीच्या पावसावर निघून जातो, तुरीचं मूळ खोल उतरून डिसेंबरपर्यंत खालची ओल पितं, मधली जागा भाजी झाकते. एकच टाकी, पण वेगवेगळ्या उंचीवर लावलेल्या तोट्या. आणि दुष्काळी वर्षात विकायला काही नसलं, तरी घरात डाळ-भाकरी असते. बाईला आधी ताट दिसतं, मग बाजार. म्हणून हे तिला सुचलं.

७. गावाचा ताळेबंद

एका घरानं नीट वागून भागत नाही, कारण पाझर सामायिक आहे. म्हणून शेवटचा हिशेब गावाचा. एक गाव कल्पू. शिवार २,००० एकर, वस्ती २,०००, जनावरं १,०००.

चांगल्या वर्षी एकरी २ लाख लिटरनं खाली मुरले ४० कोटी लिटर. माणसांना रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला ४ कोटी. जनावरांना ४० लिटर धरले, तर दीड कोटी. शेतीला उरले साडेचौतीस कोटी. त्यात सातशे एकर रब्बी भिजते. किंवा सत्तावन्न एकर ऊस. गावानं साठ एकर लावला, तरी चांगल्या वर्षी कसंबसं निभतं आणि कुणाला काही कळत नाही.

मग ४०० मिलिमीटर पावसाचं वर्ष येतं. मुरतात साधारण साडेबावीस कोटी. हरभरा-ज्वारीच्या गावाला ऑक्टोबरमध्येच हे कळतं आणि ते पेरा निम्म्यावर आणतं. साठ एकर उसाच्या गावाला हा मार्ग नाही. लागण झाली, खोडवा रानात उभा आहे, कर्ज उचललेलं आहे. त्याला ३६ कोटी लिटर पाहिजेत आणि खाली आहेत साडेबावीस, त्यातच प्यायचं पाणी आलं. फेब्रुवारीत बोअरच्या गाड्या गावात शिरतात, एप्रिलमध्ये टँकर. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. पाऊस कमी पडला म्हणून टँकर येतो हे अर्धंच खरं. पाऊस किती पडणार हे कळण्याआधीच आपण पाणी खर्चून बसलेलो असतो.

हा ताळेबंद काही गावांनी खरोखर मांडला आहे. पुण्याजवळ पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं न देता माणसागणिक दिलं, माणशी अर्ध्या एकरापुरतं, घरटी जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस नाही. हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं शेतीसाठी बोअर आणि ऊस-केळी दोन्ही बंद केले आणि पावसाळा संपला की पाणी मोजून ग्रामसभेत पिकं ठरवायची प्रथा पाडली. तिथला पाऊस आपल्याहून कमी. अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातले जे १३ जिल्हे घेतले, त्यांत धाराशिवही होता, आणि ग्रामपंचायतीनं पाण्याचं अंदाजपत्रक करावं हाच त्या योजनेचा गाभा होता.

सुरुवातीला यंत्र लागत नाही. शिवाराच्या चार दिशांच्या चार विहिरी निवडायच्या. सुतळीला हात-हातभर अंतरानं गाठी मारायच्या, टोकाला दगड बांधायचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास दगड सोडायचा, पाण्याला लागला की गाठी मोजायच्या. तो आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चुन्यानं लिहायचा, शेजारी गेल्या वर्षीचा. आणि रब्बीची तिफण रानात जाण्याआधी त्या भिंतीसमोर ग्रामसभा बसवायची.